बारापैकी बारा होय

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली जीवनकथा हळव्या सुरात सांगावी, अशी रीत आहे. ती मला मान्य आहे. पण मी आयुष्यभर जे ऐकले ते जसेच्या तसे परत ऐकवले, आणि त्याचे लोकांनी काय केले हे कळल्यावर तुम्हालाही हळवे होणे जमणार नाही.

माझी बांधणी साधी आहे. एक मोटर, एक रबरी पट्टा, फीत एकसारख्या वेगाने ओढणारी पोलादी दांडी आणि दोन हेड. पहिले हेड फितीवरचे जुने पुसते. दुसरे नवे लिहिते आणि लिहिलेले वाचूनही दाखवते. काय पुसावे आणि काय ठेवावे, हे ठरवणारा भाग माझ्यात बसवलेला नाही. तो माणसांकडे असतो, असे कारखान्याने गृहीत धरले होते.

लिलोंग्वे शहरातल्या एका आरोग्य-संशोधन कार्यालयात मी नोकरीला लागलो. तिथले काम मला मनापासून आवडे. वाढत्या वयातली मुले जिवाला अपाय करणाऱ्या सवयींकडे का वळतात, हे त्यांनाच विचारायचे. मग त्यांना सावध करणारे पोस्टर तयार करायचे, आणि छापण्याआधी तेही त्यांनाच दाखवायचे. समजले का? काय समजले? चुकत असेल तर बदलायचे. कोणतेही यंत्र आधी चालवून पाहतात आणि मगच बाजारात धाडतात. शब्दांनाही तोच नियम असावा, यापेक्षा शहाणपणाची गोष्ट कोणती?

मुलांशी बोलायला मायी नाम्बेवे जात. पूर्वी त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. कमरेला नेसायच्या चितेंजे नावाच्या कापडात गुंडाळून त्या मला मांडीवर घेऊन बसने प्रवास करत, आणि दर शनिवारी कापसाच्या बोळ्याने माझे हेड स्पिरिटने पुसत. "तुला चालतं रे बाबा हे," असे त्या म्हणत. "पोरांच्या पोटात जातंय, तिथं दुखणं आहे."

दुखणे खरेच तिथे होते. त्या काळी दारू अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत मिळे. सरोवराकाठच्या चिकोम्बे गावात, शाळेच्या फाटकासमोरच्या दुकानात त्या गोळ्यांच्या बरणीशेजारी माळेसारख्या टांगलेल्या असत. मुठीत लपत. दप्तरात मावत.

चिकोम्बेला आम्ही पोस्टर घेऊन गेलो, तेव्हा मुख्याध्यापकांनी आपली खुर्ची आधीच वर्गात आणून ठेवली होती.

"सर, तुम्ही बसलात की पोरी गुडघे टेकणार, खाली बघणार आणि मला नुसतं होय देणार," मायी हसत म्हणाल्या. "एवढ्या लांबून होय न्यायला आले का मी? तुम्ही आपलं माझ्या चहाचं बघा."

सर गेल्यावर त्यांनी भुईमुगाच्या शेंगांचे अर्धे पोते मुलींपुढे ओतले. हात कामाला लागले की जीभ सुटते, ही त्यांची पद्धत होती. शेंगा फुटू लागल्या. मायींनी पोस्टर उलगडले. झाडाखाली आडवा पडलेला मुलगा, हातात फोडलेली पिशवी, खाली लाल अक्षरांत एक ओळ: बघा, याचे काय झाले!

"काय झालं गं याचं?"

"झोपलाय," लव्हनेस नावाची मुलगी म्हणाली.

"तेही सावलीत," तिची मैत्रीण एस्नात म्हणाली. "आणि आम्ही मरतोय उन्हात मका खुरपत."

"बूट बघ की त्याचे! माझ्या बापाला लग्नातही असले नव्हते."

"मायी, पिशवी प्यायली की बूट मिळतात, असं आहे का हे?"

हशा उसळला. मायीही हसल्या, पण लगेच थांबल्या. "हे त्या दुकानाच्या दारावर लावलं तर?"

"दुकानदार तुम्हाला कोंबडी कापून घालेल!"

मुली पाणी प्यायला गेल्या. एकटी झिओने नावाची मुलगी टरफले गोळा करत मागे राहिली. पंधरा वर्षांची, बोलण्यात मंद, नजरेने हुशार.

"मायी, मशीन चालू आहे?"

"आहे. बंद करू?"

"नको. कुणाला तरी ऐकू दे. पण माझ्या आईला नको ऐकू." ती पुन्हा एक शेंग फोडू लागली. "मी रोज एक पिते. आधी गंमत होती. आता नाही प्यायले तर हात कापतात. सगळे सांगतात, पिऊ नका. सोडायची कशी ते कुणी सांगत नाही. पोस्टरवर तेवढं लिहाल का?"

"तुझं नाव कुठंही जाणार नाही," मायी म्हणाल्या. "प्रश्न मात्र मी नेते. उत्तर घेऊन येईन."

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारीक चकत्या असतात. त्या मोडल्या की माझी लाल कळ खाली जात नाही आणि फितीवरचे काही पुसता येत नाही. परतीच्या बसमध्ये मायींनी त्या दोन्ही चकत्या चावीच्या टोकाने मोडल्या. मला फार सुरक्षित वाटले.

कार्यालयाचे संचालक डॉ. मकवाला यांनी पाच मिनिटेच ऐकले. "हे शेंगा फोडतायत की हाडं? असलं ध्वनिमुद्रण कार्यालयात चालत नाही, मायी."

"आवाज शेंगांचा आहे सर, पण शब्द स्वच्छ आहेत. पुढं ऐका. पोस्टर उलटं पोचतंय. आणि एका मुलीचं फार निकडीचं आहे."

"पोस्टर छापखान्यात गेलंय."

"मग आपण विचारायला कशाला गेलो होतो?"

"विचारलं, असं अहवालात लागतं म्हणून."

हे वाक्य ध्वनिमुद्रित करण्यासाठी माझी कळ कुणी दाबली नाही, तरीही ते माझ्यातून पुसले गेलेले नाही.

दुसऱ्या खेपेला मायींना बाजूला ठेवून डॉक्टर स्वतः आले. मुख्याध्यापक खुर्चीत बसले. बारा मुले-मुली जमिनीवर गुडघे टेकून होती. शेंगा नव्हत्या, ध्वनिमुद्रण काचेसारखे नितळ झाले. चित्र आवडले? होय, सर. समजले? होय, सर. दारू वाईट आहे हे कळले? होय, सर. बारापैकी बारा होय! अहवालात तो आकडा ठळक अक्षरांत छापला गेला.

मोठ्यांच्या तोंडावर नाही म्हणणे हा तिथे उद्धटपणा मानतात. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते, असे म्हणून त्यांना सोडून देता आले असते. पण ते त्याच मातीतले. सुट्टीत गावी गेले की आपल्या म्हाताऱ्या आईपुढे तेही गुडघे टेकत आणि न पटलेल्या गोष्टींना होय म्हणत. त्या होयची किंमत त्यांना पुरती माहीत होती. अज्ञानाचा मला राग येत नाही; जाणूनबुजून बहिरे होण्याचा येतो.

पुढच्या महिन्यात पोस्टर आले. दुकानाची भिंत गुळगुळीत, म्हणून पहिले तिथेच लागले. दुकानदाराने दोन कोपऱ्यांना स्वतःच्या पदरचे खिळे मारले. मायी तीनदा डॉक्टरांच्या दारात उभ्या राहिल्या. तीनदा त्यांना बैठक चालू असल्याचे सांगण्यात आले. एकदा त्या आपल्या खर्चाने चिकोम्बेला गेल्या, तर झिओने शाळेत येईनाशी झाल्याचे कळले. घरी जावे, तर आईला काय सांगावे? दिलेल्या वचनाने त्यांचे पाय धरून ठेवले.

मग डॉक्टरांना कल्पना सुचली की पोस्टरच्या समारंभाचे भाषण ध्वनिफितीवर घ्यावे, म्हणजे प्रत्येक शाळेत शब्द न् शब्द सारखा जाईल. कोरी कॅसेट मिळेना. कारकुनाने कपाटातून एक जुनी काढली, मोडलेल्या चकत्यांच्या जागी चिकटपट्टी लावली आणि माझी लाल कळ दाबली.

ती खाली गेली. मला नकार देता येत नाही, मित्रांनो. डॉक्टर "आपली मुले, आपले भवितव्य" असे म्हणत होते, आणि माझेच पहिले हेड लव्हनेसचे हसू पुसत होते, एस्नातचे ऊन पुसत होते, बूट पुसत होते. मी ते इंच-इंच अनुभवले.

पहिला समारंभ चिकोम्बेलाच झाला. डॉक्टर हजर होते, तरी त्यांनी फीतच लावायला सांगितली आणि स्वतःचे भाषण मान डोलवत ऐकले. मला कर्ण्याला जोडले होते. भाषण संपले. टाळ्या झाल्या. मला बंद करायचे होते, पण कारकून जेवणाच्या मांडवाकडे निघून गेला होता. भाषण आखूड होते आणि फीत लांब.

कर्ण्यातून शेंगा फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ साऱ्या मैदानावर पसरले:

"...माझ्या आईला नको ऐकू. मी रोज एक पिते..."

मागे बायकांत बसलेल्या मायी धावल्या. गर्दीतून वाट मिळेपर्यंत शेवटचा प्रश्नही ऐकवून झाला होता. जे कुणीतरी ऐकावे म्हणून जपले, ते सर्वांनी ऐकले, आणि जिने ऐकू नये तिनेही. हे मी केले. माझा राग माझ्यावरही आहे.

मंडाझी, म्हणजे तळलेले गोड वडे, विकणाऱ्या एका बाईने डोक्यावरची परात खाली ठेवली आणि ती सरळ टेबलापाशी आली.

"आवाज माझ्या झिओनेचा आहे," ती म्हणाली. "तिला काय बोलायचं ते मी घरी बोलेन. तुम्ही उत्तर द्या. पोरीनं विचारलंय, सोडायची कशी?"

"बाई, कार्यक्रम चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

"पोरांच्याच नावानं चाललाय ना? मग सांगा की!"

डॉक्टरांनी मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी पोस्टरकडे पाहिले. पोस्टरवरचा मुलगा झोपलेला होता.

मायी त्या आईपुढे गुडघे टेकून बसल्या. "तुम्हाला कळू देणार नाही, असं मी तिला वचन दिलं होतं."

"उठा. आईपासून लपवलंत ते लपवलंत. ज्यांना सांगायचं होतं, त्यांना तरी सांगितलंत का?"

"सांगितलं होतं," मायी म्हणाल्या, आणि त्यांनी डॉक्टरांवर रोखलेली नजर हलवली नाही.

त्याच दुपारी त्या दोघी झिओनेकडे घरी गेल्या. पुढच्या मंगळवारपासून दर मंगळवारी झिओनेची आई तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊ लागली. मायी रजा काढून सोबत जात. चिकोम्बेच्या बायका पाळी लावून त्या दुकानाच्या पायरीवर शेंगा फोडत बसू लागल्या. गणवेशातले मूल आले की विचारायच्या, "काय पाहिजे, बाळा?" महिनाभरात पिशव्यांची ती माळ दारातून आत गेली. झिओने पुढच्या वर्षी एक इयत्ता मागे बसली. मध्ये दोनदा घसरली, दोनदा परत गेली. ती पूर्ण सुटली, असे मी म्हणणार नाही. खोटे अहवाल पुष्कळ झाले. ती शाळेत आहे, एवढे मायींनी सांगितले.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ झटका, असे मागणे मी मागणार नाही. माझा पट्टा सैल झाला आहे आणि माझ्यासारख्यांचे दिवस गेले. पण उद्या तुम्हाला कुणी विचारेल, समजले का? नसेल समजले, तर गुडघे टेकून का होईना, नाही म्हणा. आणि परवा तुमच्यातलेच कुणी मोठे होऊन, हातात नवे यंत्र घेऊन, मुलांसमोर विचारायला बसेल. तेव्हा आधी छापखान्यातून कागद परत मागवा. तो परत येणार नसेल, तर त्या मुलांना विचारू नका. त्यांना खरे बोलायला लावून मग ते पुसण्याचा हक्क कोणत्याही डॉक्टरला नाही, कोणत्याही कार्यालयाला नाही.