दुखवट्यातली स्कूटर

मी एक जुनी स्प्रिंग आहे. स्कूटरच्या किकची. मित्रांनो, तुम्ही मला ओळखलं नाहीत तर त्यात तुमचा दोष नाही. ज्यांच्या स्कूटरमध्ये मी उभा जन्म काढला, त्यांनीसुद्धा माझं तोंड अगदी शेवटी पाहिलं. माझी जागा इंजिनाच्या पोटात, गिअरच्या शेजारी, तेलात आणि अंधारात. तुम्ही पायाने किकचा दांडा खाली दाबता, इंजिन सुरू होतं आणि दांडा आपला आपण वर येतो, असं तुम्हाला वाटतं. तो आपला आपण येत नाही, मी आणते.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पोलादी तारेचे वेटोळे केले, लाल होईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलं. मग एका निळ्या स्कूटरच्या इंजिनात मला बसवलं. इंजिनाची दोन शकलं एकमेकांवर मिटवून नट आवळले आणि माझा उजेड संपला. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. अंगात ताण भरपूर होता, तेवढ्यावर दिवस जात होते.

स्कूटर सिसिलीतल्या एका डोंगरावरच्या गावात आली, मेलो नावाच्या गवंड्याकडे. मी माणसं पायावरून ओळखायला शिकले. मेलोचा पाय हलका, चुन्याने माखलेल्या बुटातला. एका किकेत गाडी सुरू करायचा आणि गाडीआधी स्वतःच गाणं सुरू करायचा. चौकात लोक स्कूटरभोवती जमत. कुणी निळ्या रंगाचं कौतुक करी, कुणी दिव्याचं, कुणी भोंग्याचं. इंजिनाला तर सगळेच मान डोलावत. गाडी सुरू झाली की सगळे खूश, दांडा वर आला की नाही हे कुणी पाहत नसे.

मग दुसरा एक पाय आला, छोटा, सपातांतला. ती नुन्सिया, मेलोची बायको. ख्रिस्ती जोगिणींच्या दवाखान्यात ती इंजेक्शनं द्यायला शिकली होती आणि गावात, आजूबाजूच्या शेतांवर घरोघरी जाऊन टोचत असे. शेतं लांब, म्हणून मेलो तिला रविवारी बदामांच्या बागेमागे स्कूटर शिकवायचा.

"लाथ मार, कुरवाळू नकोस तिला!" तो ओरडायचा.

"लाथ मारायची सवय मला तुझ्यावर आहे, गाडीवर नाही," ती म्हणायची आणि पुन्हा पाय ठेवायची.

बाई माणूस स्कूटरवर, म्हणून गाव आधी बघत राहिलं, मग बघून कंटाळलं. आजारी माणसाला सुई वेळेवर मिळाली की तो बाकीचं विसरतो.

मेलो शहरात एका इमारतीच्या परांचीवरून पडून गेला. त्याच्या सोबत्यांनी स्कूटर ट्रकमधून घरी आणून पोचवली. मला वाटलं होतं, ही बातमी ऐकून माझ्या आत काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. स्प्रिंगवर दाब पडला तरच तिला काहीतरी कळतं, आणि आता दाबणारं कुणी नव्हतं.

घर वर होतं आणि खाली रिकामा तबेला, तिथे स्कूटरवर चादर टाकली. वरचं सगळं मला ऐकू यायचं. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणी रश्शाची पातेली घेऊन यायच्या. नुन्सियाने मोठ्या हंड्यात काळा रंग उकळून स्वतःचे सगळे कपडे त्यात बुडवले. खिडक्या अर्ध्या मिटल्या, रेडिओवर फडकं पडलं. मेलोचा बाप गास्पारे जोडे शिवायचा. त्याने दाढी करणं सोडलं, हातोडी खाली ठेवली आणि बोलणंही सोडलं. सून विचारायची, "मामंजी, जेवता ना?" वरून फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा.

नुन्सिया जवळच्या घरांत चालत जाऊन सुया देई. शेतांवर जाणं जमेना. समोरच्या अगातीनाकाकूंनी तर जिन्यातच तिला अडवलं.

"हे बघ पोरी, माझं काही म्हणणं नाही. पण नवरा मातीत आणि बायको निळ्या गाडीवर भुर्र, असं या गावात कुणी पाहिलेलं नाही."

नुन्सिया पायऱ्या चढून वर गेली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्या घरात तेव्हा कुणालाच राग, रडू, काहीच येत नव्हतं. डॉक्टरांनी निरोप धाडला की सान मार्तीनोच्या, नव्या वाइनच्या सणापर्यंत वाट बघतो, मग शेतांसाठी खालच्या गावातली बाई ठेवतो. आणि तिचा भाऊ सारो, जो दूर उत्तरेला तुरिनच्या कारखान्यात होता, त्याने कळवलं की सणाला येतो आणि तुला घेऊन जातो, कामाशिवाय तिथे कशाला कुजतेस. म्हणजे ती गेली की वर एकटा म्हातारा उरणार होता. हे त्याला कळत होतं. तो बोलत नव्हता, बहिरा नव्हता.

दुपारी गाव झोपलं की तो खाली यायचा. चादर बाजूला करायचा, तिवईवर बसायचा आणि तळहाताने किकचा दांडा दाबायचा. किल्ली नाही, पेट्रोलचा नळ बंद. तो दाबायचा, मी वर आणायची. तो पुन्हा दाबायचा, मी पुन्हा वर आणायची. आधी मला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी सुरू करायची आहे. मग उमगलं की त्याला फक्त दांडा परत आल्याचं बघायचं होतं. एवढ्यासाठी माझ्याकडे येणारा तो पहिला माणूस. मी खूश व्हायला हवं होतं, पण दुपारमागून दुपार गेली तशी मी सैल पडत गेले. पोलादालाही शीण येतो. आणि एका दुपारी मी दांडा वर आणला नाही.

तो वाट बघत बसला. मग त्याने हाताने दांडा वर केला आणि सोडला. दांडा खाली पडला. मला वाईट वाटलं, पण थोडंच. जास्त वाटायला अंगात ताण लागतो.

नुन्सिया त्याच वेळी खाली आली. तिच्या हातातली सुयांची डबी खुळखुळत होती. काकूंना जे म्हणायचं ते म्हणू देत, शेतांवर जाऊन येते, असं तिने मनाशी ठरवलेलं असावं. तिने लोंबणारा दांडा पाहिला.

"मामंजी, हे तुम्ही केलंत?"

म्हाताऱ्याने मानेनेच हो म्हटलं.

"धक्का मारूनही सुरू होईल, पण या काळ्या झग्यात गल्लीतून गाडी ढकलत पळू? चढावरच्या शेतावर बंद पडली तर?" ती पायरीवर बसली. "बरं झालं एका अर्थी. जायचं की राहायचं, हा प्रश्नच मिटला. सारोबरोबर जाते मी."

दुसऱ्या दिवशी गास्पारे न सांगता बसने शहरात गेला आणि संध्याकाळी रुमालात गुंडाळलेली एक नवी स्प्रिंग घेऊन आला. दुकानदाराला त्याने न बोलता कसं समजावलं, देव जाणे. स्प्रिंग त्याने सुनेसमोर ठेवली.

"ही बसवायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं, ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "एवढीशी वस्तू, पण सगळ्यात आत बसते. मेलोने एकदा सोबत्याच्या अशाच गाडीचं इंजिन उघडलं होतं तेव्हा कंदील मी धरला होता."

म्हाताऱ्याने बाह्या सरसावल्या.

चाक निघालं, क्लचची आणि गिअरची तार सुटली, लांब बोल्ट बाहेर आला आणि इंजिन त्याच्या जोडे शिवायच्या मेजावर चढलं. प्रत्येक नट नुन्सियाने फडक्यावर ओळीने मांडला, उकळलेल्या सुया मांडायची तसा. दुखवट्याच्या घरातून हातोडीचा आवाज जाता कामा नये, म्हणून म्हाताऱ्याने हातोडीला चामडं गुंडाळलं. बारीक ठोके देत देत त्यांनी दोन्ही शकलं उकलली आणि माझ्यावर उजेड पडला. मी प्रथमच त्यांना पाहिलं. म्हाताऱ्याची दाढी गळ्यापर्यंत आली होती. नुन्सियाचे हात रंगाने मनगटापर्यंत काळे होते. मला काढायला चिमटासुद्धा लागला नाही. त्यांनी मला एका बशीत ठेवलं.

नवी स्प्रिंग तरणीताठी, कुणाचं ऐकेना. तिला आधी एक पीळ द्यायचा, टोक खाचेत अडकवायचं, मग एकाने दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने शकलं मिटवायची. एकट्याचं ते काम नव्हे, चार हात लागतात. म्हाताऱ्याने पीळ दिला, नुन्सियाने दांडा धरला, तिचा हात जरा ढिला पडला आणि स्प्रिंग सटकन सुटून म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर बसली.

"आयला तुझ्या! हरामखोर! डुकराच्या पोटची!"

मेलो गेल्यापासून त्या घरात त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. नुन्सियाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने अंगठ्याकडे पाहिलं. आणि तिला हसू फुटलं. दाबायला गेली तसं ते नाकातून बाहेर आलं.

समोरची खिडकी उघडली. "नुन्सिया! तू हसलीस का गं?"

"नाही हो काकू! मामंजी बोलले!"

"अगं बाई! काय म्हणाले?"

"सांगण्यासारखं नाही!"

खिडकी हळूच मिटली. म्हातारा अंगठा चोखत होता.

"नीट धर," तो म्हणाला. आवाज गंजलेला होता. "मेलो धरायचा तसं नको. आळशी होता तो. अर्ध्यात सोडायचा."

"हो," ती म्हणाली, आणि आता ती रडत होती. पण दांडा तिने सोडला नाही.

शकलं मिटली. नट आवळले. चाक, तारा, सगळं जागच्या जागी गेलं. म्हाताऱ्याने तळहाताने दांडा दाबला, सोडला. दांडा वर आला. दोघंही त्या दांड्याकडेच बघत होते. मत्सर वाटावा इतकीही धग माझ्यात उरली नव्हती, तरी थोडा वाटलाच.

"झालं की हो," नुन्सिया म्हणाली. "पण रंग निळाच राहिला. काकू चौकात उभ्या राहून ओरडतील."

म्हातारा वर गेला आणि चामड्याला लावायच्या काळ्या रंगाचं मडकं आणि कुंचला घेऊन आला. चाकावरचं पत्र्याचं कवच, मागची दोन्ही फुगीर पोटं, हँडल, दिव्याची कड, काही म्हणून त्याने सोडलं नाही.

"मामंजी! हे काय चालवलंय?"

"तुझे कपडे तू काळे केलेस. हिचे राहून गेले होते."

सकाळी नुन्सिया गल्लीतून निघाली तेव्हा अगातीनाकाकू दारातच होत्या. त्यांनी काळी स्कूटर पाहिली आणि छातीवर क्रूस काढला. "गाडीसुद्धा दुखवट्यात! बघा गं, याला म्हणतात रीत. आजकालच्या पोरी कुठे एवढं पाळतात?" दुपारपर्यंत हे कौतुक त्यांनी स्वतःच सगळ्या गावाला सांगितलं. पाऊस आला की रंगाचे ओघळ नुन्सियाच्या पायांवर येत आणि म्हातारा पुन्हा मडकं काढून बसे.

तरी भावाच्या येण्याचा निरोप तसाच होता. नुन्सिया त्यावर हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. विचारायची हिंमत म्हाताऱ्याला झाली नाही.

सान मार्तीनोच्या दिवशी सारो आला, चकाकते बूट घालून. नुन्सिया भल्या सकाळीच शेतांवर गेली होती. "तिची पेटी बांधलीय ना? संध्याकाळची आगगाडी आहे," सारो म्हणाला. म्हातारा उंबऱ्यात बसला आणि त्याने मला खिशातून काढलं; बशीतून उचलून त्याने मला तिथे ठेवून दिलं होतं. अंगठा आणि बोटाच्या मधे धरून मला दाबू लागला. मी दबून तशीच राहत होते. जेवणाची वेळ गेली. सारो घड्याळ बघत होता. गल्लीच्या तोंडाशी कुठली तरी गाडी वाजली, ती खालच्या रस्त्याने निघून गेली. म्हाताऱ्याने मला दाबणं थांबवलं. मी त्याच्या मुठीत होते आणि मूठ थंडगार होती.

मग चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारा आवाज आला. तो मी झोपेतही ओळखीन.

"मामंजी, दार उघडा! हात गुंतलेत!" नुन्सिया ओरडली. हँडलला अंड्यांची टोपली, पायांपाशी नव्या वाइनची बुधली, सीटमागे पाय बांधलेली कोंबडी. शेतावरच्या लोकांनी सणाचं म्हणून दिलेलं.

"अगं, सामान आवर," सारो म्हणाला. "गाडी चुकेल."

"का चुकेल? तू वेळेवर निघ. पण आधी जेवून घे, मामंजींना एकट्याने पिऊ द्यायची नाही मला ही." तिने बुधली त्याच्या हातात दिली. "आणि बूट काढ. तबेल्यातून जायचंय, काळा रंग लागेल."

म्हातारा दार उघडायला उठला होता. त्याच्या मुठीतून मी खाली पडले. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, मी अजून त्या उंबऱ्याच्या फटीत आहे, गंजत. मला कुणी उचलावं असं माझं म्हणणं नाही. एवढंच मागते. घरातून जाणाऱ्याला तर सगळेच हात हलवतात. जो परत येतो त्याच्यासाठी, चार पावलं का होईना, उठत जा. आणि त्याचा पाय घरात पडेपर्यंत हातातलं काय खाली पडलं ते बघू नका.