मानाचा फेटा

गुडघा लचकला म्हणून सिद्धाप्पा आज भवानी पेठेच्या हुतुतूच्या सामन्याला बघ्यांत बसला होता. गेल्या साली याच लोकांनी बांधलेला मानाचा फेटा त्यानं मुद्दाम डोक्यावर चढवला होता. त्याच्या जागी खेळत होता बंदेनवाज, कालपर्यंत कडेला बसणारा बदली गडी.

"लई हाडकुळं हाय की पोरगं," मागून कुणी म्हणालं. सिद्धाप्पाला बरं वाटलं.

तेवढ्यात हुतुतू म्हणत चढून आलेल्या गड्याचा घोटा बंदेनवाजनं असा आवळला, की तो जागीच आपटला. मैदान दणाणलं. सिद्धाप्पाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझीच पकड चोरली हाय त्यानं!" लंगडत उठून तो ओरडला.

"व्हय पैलवान," मागचा म्हणाला, "पर तेवढा फेटा काढा की. पोराचा खेळ दिसंना."