पाडव्याची ओसरी

सांगलीच्या हळदबाजारात जवाहर मगदुमांना सगळे आण्णा म्हणत, आणि आण्णांचा एक नियम बाजारात सगळ्यांना पाठ होता: दिवाळीच्या पाडव्याला जुन्या वहीत एक अक्षर लिहायचं नाही. वर्ष कसंही गेलेलं असो, नवी वही उघडायची, हळदकुंकवाचं बोट टेकवायचं, वर ‘श्री वीतरागाय नमः’ लिहायचं आणि जुनी वही लाल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवायची. त्या माळ्यावर त्यांच्या आजोबांच्या हातच्या वह्याही होत्या. पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हासुद्धा माळा कोरडा राहिला होता. नवं उघडल्यानं जुन्याला धक्का लागत नाही, असं आण्णा बाजारातल्या नवख्या व्यापाऱ्यांना ऐकवत. ते बिचारे चहा मिळेल या आशेनं ऐकून घेत.

यंदाच्या पाडव्याला मात्र पाटावर वही नव्हती, कॉम्प्युटर होता.

त्याचं असं झालं. आण्णांचा मुलगा पारस साताऱ्याला एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा. सून प्रीतीही तिथंच त्याच्याजवळ होती. एकदा पारसच्या आईचा, त्रिशलाबाईंचा, फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि लेकानं पाठवलेले सगळे बोलके निरोप त्याच्याबरोबर गेले. त्रिशलाबाई कितीतरी दिवस धड जेवल्या नाहीत. मग पारसनं इलाज काढला. त्यानं घरच्यापुरती एक वेबसाइट बनवली आणि तिचं नाव ठेवलं ‘ओसरी’. लिहिण्याची भानगड नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या नावावर बोट ठेवायचं आणि बोलायचं. पलीकडचा माणूस सवडीनं ऐकतो. ज्याच्यासाठी निरोप, त्यालाच तो ऐकू येई, तिसऱ्याला नाही. घरातले आवाज परक्याच्या यंत्रावर नकोत म्हणून ते दुकानातल्याच कॉम्प्युटरवर साठवायची सोय त्यानं केली.

“आई, आता कुणाचा फोन बुडला तरी आवाज बुडायचा न्हाई,” असं तो म्हणाला होता.

त्रिशलाबाई ओसरीत तासन्‌तास बोलायच्या. गुडघे, शेजारीण, करपलेली भाकरी, जैन बस्तीत देवदर्शनाला कोण आलं, कोण नाही, काही म्हणून सोडत नसत. आण्णा मात्र त्या वाटेला गेले नाहीत. काचेशी काय बोलायचं? पारस त्यांच्यासाठीही निरोप ठेवायचा आणि फोनवर विचारायचा, “आण्णा, ऐकलंसा का?” आण्णा म्हणायचे, “ऐकतो रं सवडीनं. हंगाम तर सरू दे.” हळदीचा हंगाम सरला की गुळाचा यायचा. ज्याला सवड काढायची नसते त्याला हंगाम कधी कमी पडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पाटणहून येताना पारसची गाडी घाटात कोसळली. तो गेला. प्रीती साताऱ्याचं बिऱ्हाड मोडून सांगलीला आली आणि आष्ट्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवू लागली.

त्यानंतर सासू-सून रोज संध्याकाळी आपापल्या फोनवर ओसरी उघडायच्या आणि पारसचे जुने निरोप ऐकत बसायच्या. आण्णांच्या फोनवर त्यांच्या नावापुढचा हिरवा ठिपका मात्र तसाच होता. न ऐकलेल्या निरोपांची ती खूण. नातेवाईक म्हणाले, म्हातारा निबर आहे, लेकाचा आवाजसुद्धा ऐकत नाही. आण्णांनी कुणाला उत्तर दिलं नाही, कारण जे खरं होतं ते सांगायची त्यांना लाज वाटायची. निरोप एकदा ऐकले की संपले. ऐकले नव्हते तोवर पारसला बापाशी अजून काही बोलायचं बाकी होतं. ज्याचं बोलणं बाकी आहे तो माणूस पुरता गेलेला नसतो, असं या हिशेबी माणसानं मनाशी धरलं होतं, आणि त्याच्यावरच तो दिवस काढत होता.

मग यंदाच्या पावसाळ्यात वीज पडली आणि दुकानातला कॉम्प्युटर जळाला. दुरुस्तीवाल्या भाऊसोनं तो उघडून बघितला. “आण्णा, डबा गेला, पर आतली डिस्क जित्ती हाय,” म्हणाला आणि ती डिस्क त्यानं नव्या कॉम्प्युटरला जोडून दिली. तेवढ्या वेळात आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. न ऐकताच सगळं जळालं असतं तर? त्यांनी तिथंच ठरवलं की पाडव्याच्या मुहूर्तावर पारसचे निरोप ऐकायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“मामा, सण होऊन जाऊ दे. रविवारी निवांत बसून करू,” प्रीती म्हणाली. ती सासऱ्यांना मामा म्हणायची, सासूला आत्या.

“न्हाई पोरी. पाडवाच. लय दिस लांबिवलं मी.”

पाडव्याला सकाळी त्रिशलाबाई अक्षतांची डबी घेऊन बस्तीत गेल्या आणि हे दोघं दुकानात आले. आण्णांनी नव्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. हार पडद्यावर लोंबायला लागला तसा प्रीतीनं तो हळूच बाजूला सारला. पारसनं लिहिलेला ओसरीचा प्रोग्राम इंटरनेटवर जपून ठेवलेला होता, तो तिनं उतरवून घेतला आणि बसवायला सुरुवात केली. लगेच लाल पाटी आली.

“काय म्हनतंय?”

“डेटाबेस सापडत नाही म्हणतंय. मामा, हा प्रोग्राम म्हणजे आपलं दुकान समजा, आणि डेटाबेस म्हणजे गोडाऊन. माल सगळा गोडाऊनला. पत्ता, कुलपाची किल्ली आणि आतली खोली, तिन्ही बरोबर सांगितल्याशिवाय दुकानाला माल मिळत नाही.”

एवढं आण्णांना लख्ख समजलं. पहिली चूक सोपी निघाली. गोडाऊनचा रखवालदारच झोपला होता, म्हणजे डेटाबेस चालूच केलेला नव्हता. प्रीतीनं तो चालू केला. मग पाटी आली की पासवर्ड चुकीचा आहे. प्रीतीनं आठवतील ते शब्द घालून बघितले, साताऱ्याच्या पारसच्या मित्राला फोन केला, कपाळाला हात लावला. शेवटी तो जुन्या डिस्कवरच, ओसरीच्या मांडणीच्या फाइलमध्ये लिहिलेला सापडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो शब्द वाचून प्रीतीचे डोळे भरून आले. काय होता ते तिनं सांगितलं नाही आणि आण्णांनीही विचारलं नाही.

पासवर्ड लागला, पण गोडाऊन रिकामं दिसायला लागलं. प्रीती म्हणाली, “थांबा मामा, घाबरू नका. डेटाबेस नव्या डिस्कवर शोधतोय. पारसचं सगळं जुन्या डिस्कवर आहे.” तिनं मांडणीत जुन्या डिस्कचा रस्ता घातला, डेटाबेस बंद करून पुन्हा चालू केला आणि बटण दाबलं. या खेपेला लाल पाटी आली नाही. हिरवी आली, आणि तीही मराठीत, कारण हा पडदा पारसनं स्वतः लिहिलेला होता: ‘ओसरीत आधीच्या गप्पा सापडल्या. काय करायचं?’ त्याखाली दोन बटणं होती. एकावर ‘आहे तेच पुढे चालू ठेवा’, दुसऱ्यावर ‘नव्याने सुरू करा’.

“लागलं!” प्रीती उभीच राहिली. दोन वर्षांत ती अशी हसलेली आण्णांनी बघितली नव्हती. “मामा, आहे सगळं! आलेच मी. घरून पेनड्राइव्ह आणते, आधी एक कॉपी काढून ठेवू आणि मगच पुढं जाऊ.”

ती गेली. घर मागच्याच गल्लीत. आण्णा पडद्यासमोर बसले. बाहेर बाजारात फटाके वाजत होते, समोरच्या पेढीवर वहीपूजन उरकत आलं होतं, आणि मुहूर्त सरत चालला होता. आण्णांनी पारसचे शब्द पुन्हा वाचले. त्यांना मनापासून कौतुक वाटलं, की पोरगं कॉम्प्युटर शिकलं, साताऱ्याला गेलं, तरी व्यापाऱ्याची रीत विसरलं नाही. नव्यानं सुरू करायची सोय ठेवली की! आज पाडवा. जुन्याच वहीत पुढं लिहिणं बरं दिसत नाही. नवी उघडावी, जुनी आपसूक वर जाते, मग फडकं सोडून निवांत वाचावी.

त्यांनी करंड्यातल्या हळदकुंकवानं करंगळीशेजारचं बोट माखलं, पडद्याच्या कोपऱ्यात टेकवलं, मनात ‘श्री वीतरागाय नमः’ म्हटलं आणि ‘नव्याने सुरू करा’वर दाबलं. इंग्रजीत एक लाल चौकट आली. सकाळपासून अशा लाल चौकटी येतच होत्या, आणि प्रीती त्या पुढं ढकलतच होती. आण्णांनीही ढकलली.

पडदा पांढराशुभ्र झाला. वर ‘ओसरी’ आणि खाली एकच ओळ: ‘अजून कुणीच काही बोललेलं नाही.’

आण्णा खूश होऊन वाट बघत बसले.

प्रीती आली, दारातूनच तिनं पडदा बघितला आणि पेनड्राइव्ह तिच्या हातात तसाच राहिला. “मामा, काय दाबलंत?”

“नवं सुरू केलं की. पाडवा न्हवं का! आता जुनं काढ वरनं.”

ती खुर्चीवर बसली. तिची बोटं भराभर चालली, थांबली, पुन्हा चालली. तिनं त्या मित्राला फोन लावला, स्पीकर बंद ठेवून बोलली. आण्णांना फक्त तिचे हुंकार ऐकू येत होते, आणि प्रत्येक हुंकार आधीच्याहून बारीक होता. समोरच्या पेढीवरून पेढे आले, तसेच पडून राहिले. बऱ्याच वेळानं तिनं फोन खाली ठेवला.

“पोरी, जुनं कुठंतरी वर ठिवलंच आसंल की त्यानं. माळ्यावानी काय तरी आसंलच.”

“कॉम्प्युटरला माळा नसतो, मामा,” प्रीती म्हणाली. “नवीन म्हटलं की जुनं पुसून त्याच जागेवर मांडतो. गेलं ते. परत येत नाही.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पेनड्राइव्ह दोन्ही मुठींत घट्ट धरून ती नुसती बसून राहिली. तिचंही सगळं त्यातच होतं, हे आण्णांच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. नवऱ्याचं हसणं, भांडण, आणखी काय काय होतं ते तिचं तिलाच माहीत. चाळीस वर्षं हळद पारखली, कधी खोट खाल्ली नाही, आणि ज्या दिवशी जपायचं होतं त्याच दिवशी या बोटानं सुनेचं, बायकोचं, सगळ्या घराचं पुसून टाकलं. आण्णांना ते बोट तोडून टाकावंसं वाटलं.

त्रिशलाबाई बस्तीतून परत आल्या. कपाळावर गंध होतं आणि चेहरा पोरीसारखा फुललेला. पायरीवरूनच त्यांनी विचारलं, “लागला का गं आवाज?”

प्रीती चटकन उठली. “आत्या, डिस्क... विजेनं आधीच गेली होती ती. आपल्याला कळलं नव्हतं.”

आण्णांनी सुनेकडं बघितलं. या पोरीचं एवढं लुटलं, तरी ती सासऱ्याला पदराखाली घेत होती. एका शब्दात सुटका होती. नुसतं गप्प राहायचं होतं. त्यांना ते जमलं नाही.

“खोटं सांगतीया ती,” आण्णा म्हणाले. “चांगली हुती. मी पुसलं. पाडव्याचं नवं करायला गेलो आन्‌ समदं पुसलं मी.”

त्रिशलाबाई मटकन पायरीवर बसल्या. डबीतले उरलेले तांदूळ सांडले. त्या आता काय म्हणतील, कुठला शाप देतील, याची आण्णा मान खाली घालून वाट बघत होते. मग त्यांनी विचारलं, “तुमी तरी ऐकलं हुतंसा का, तुमच्यासाठी बोललेलं?”

“न्हाई.”

“येक बी?”

“येक बी न्हाई.”

त्रिशलाबाईंनी पदर तोंडाला लावला. “आवं, माझं मी रोज ऐकलंया. ह्या पोरीनं तिचं ऐकलंया. आमचं आमाला पाठ हाय, डोळं मिटलं की ऐकू येतंया. पर तुमचं? तुमच्यासाठी लेकरू काय बोललं हुतं, ते त्याच्याबिगर कुणाला म्हंजी कुणाला ठावं न्हाई.”

मग दुकानाच्या भर उजेडात, समोरच्या पेढीवरचे लोक बघत असताना, आण्णा मोठ्यानं रडायला लागले. त्या दोघी उठून त्यांच्याजवळ आल्या. पण पारस बापाला काय सांगत होता, ते त्यांच्यापैकी कुणीच त्यांना सांगू शकत नव्हतं.