फनेल केकचा शेवटचा तुकडा

मनोरंजन पार्कच्या दारावर तपासणीवाल्या बाईने माझी थंडपेटी उघडली. उकडलेली कोंबडी, अंड्यातला नुसता पांढरा भाग, सफरचंदाचा गर. ते सगळं बघून ती मला म्हणाली, "कुत्रा आत नेता येणार नाही हं."

"कुत्रा नाही, नवरा आहे," मी म्हटलं.

शेजारी उभा असलेला वेंडेल पोट धरून हसला. धरूनच हसावं लागायचं त्याला, टाक्यांची जागा अजून ओढायची.

वसंतात त्याचं ऑपरेशन झालं. पित्ताशय काढलं, स्वादुपिंडाचा एक भागही काढला आणि तिथे जे नको ते सापडलं. तेव्हापासून तेल, लोणी, चीज, सगळं बंद. डॉक्टर म्हणाले होते की वजन टिकलं आणि पोट बिघडलं नाही, तर सुट्टीहून परतल्यावर सोमवारी केमो सुरू करू. मी ते वाक्य पदराला गाठ मारल्यासारखं घट्ट धरून ठेवलं होतं. ओहायोहून फ्लोरिडापर्यंत गाडीत त्याच्या पथ्यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. आमच्याकडे उरलेलं तेल काय ते तेवढंच.

आणि वेंडेल चक्क ऐकत होता. हा माणूस जन्मभर टायरच्या दुकानात उभा राहिला, रोज सकाळी तव्यावर बेकन परतून त्याच्याच चरबीत अंडी फोडायचा, आणि मी काही बोलले की म्हणायचा, "डार्लीन, मरताना माझ्या तोंडात कोबी नसला पाहिजे." आता मी डबा उघडला की निमूट खायचा, पचनाची गोळी घ्यायचा आणि म्हणायचा, "छान झालंय." मला वाटलं, चला, भीतीने का होईना, म्हातारा सुतासारखा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी पार्कमधल्या हॉटेलात मी त्याच्यासाठी नुसत्या भाज्यांची थाळी मागवली. घेवड्याच्या शेंगा आल्या, बेकनचे तुकडे घातलेल्या.

"अगं बाई, मी भाजी मागितली होती," मी म्हटलं.

"भाजीच आहे ना, राणी," वाढणारी म्हणाली. तिच्या मुलखात डुकराशिवाय शेंगा शिजत नाहीत, तिचा काय दोष. पण माझं डोकं फिरलं होतं. मी ठणकावून सांगितलं की माझ्या नवऱ्याला चरबीची ॲलर्जी आहे. ॲलर्जी म्हटल्याबरोबर आतून मुख्य आचारीच बाहेर आला, पांढऱ्या टोपीसकट, आणि अदबीने विचारू लागला, "कोणत्या चरबीची, मॅडम?"

"सगळ्या."

"आई, पुरे कर," माझी लेक शॉना पुटपुटली. आठ वर्षांची नात पायपर मात्र खूश झाली. "आजोबांना चरबीची ॲलर्जी आहे, म्हणून ते बारीक झाले," असं ती शेजारच्या टेबलाला सांगून आली. वेंडेलने उकडलेला बटाटा संपवला आणि आचाऱ्याला म्हणाला, "छान झालंय."

शेवटच्या दिवशी दुपारी फनेल केक घेतला. तो घेतल्याशिवाय आमची सुट्टी संपत नाही. उकळत्या तेलात पिठाची धार गोलगोल सोडून तळलेलं ते जाळं, वर पिठीसाखरेचा ढीग, आणि सगळ्यांनी एकाच ताटलीतून बोटांनी तोडून खायचं. शेवटचा तुकडा ज्याच्या तोंडात जाईल तो पुढच्या वर्षीची सुट्टी ठरवणार, आणि त्यावर अपील नाही. शॉनाने लहानपणी एकदा तो पळवला आणि आम्हाला आठवडाभर एका तळ्याकाठी मच्छर मारत बसवलं होतं. ती पोहायला शिकली ती तिथेच. वेंडेलने शिकवलं.

या वेळी तो नुसता बघत बसला होता. पायपरने शेवटचा तुकडा उचलला, तोंडापाशी नेला, मग त्याच्यासमोर धरला. "तुम्ही ठरवा, आजोबा."

"त्यांना चालत नाही, बाळा," मी म्हटलं. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. आता कुठे पोट जरा—"

वेंडेलने तुकडा घेऊन तोंडात टाकला. डोळे मिटून चावत राहिला, आणि साखर त्याच्या मिशीला लागली.

"तळं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तुम्ही तिघी त्या मच्छरांच्या तळ्यावर जा. शॉना, हिला पोहायला शिकव."

"तिघी नाही, आजोबा," पायपर म्हणाली. "आपण चौघं."

शॉनाने तिचा हात धरला आणि चिकट बोटं धुवायच्या निमित्ताने तिला घेऊन गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला ठाऊक होतं, ते मला तेव्हा कळलं.

"सोमवार?" मी विचारलं.

"निघायच्या आधीच डॉक्टरांना फोन केला होता. केमो नको म्हणून सांगितलं. ते आतड्यांत, यकृतात, सगळीकडे गेलंय, डार्लीन. त्यांनाही बरंच वाटलं असेल, मी आपणहून म्हटलं ते."

"मग हे पथ्य कशाला पाळलंस मेल्या? खायचं होतंस ना आठवडाभर काय हवं ते."

"तू इतकी धडपडत होतीस," तो म्हणाला. "तुला काहीतरी करायला हवं होतं."

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून ओरडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. रुमालाने त्याच्या मिशीवरची साखर पुसली.

पायपर हात पुसत परत आली. चेहरा हट्टाचा. "आजी, तू सांग ना. चौघं ना?"

वेंडेल माझ्याकडे बघत होता. आयुष्यभर मी त्याचं एकही वाक्य खोडल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"शेवटचा तुकडा त्यांनी खाल्लाय," मी म्हटलं. "ते म्हणतील तसं."

पायपर खाली मान घालून रिकाम्या ताटलीतली साखर बोटाने गोळा करू लागली. मी थंडपेटी जवळ ओढली. आत त्याचा दुपारचा डबा तसाच होता. हातांना काहीतरी करायला हवं म्हणून मी तो उघडला आणि कोंबडीचा एक तुकडा तोंडात टाकला. आठवडाभर मी ती उकडत होते, पण चव कधी घेतली नव्हती. मीठ घालायचं राहून गेलं होतं, आणि ती इतकी कोरडी होती की गिळवत नव्हती.

"कशी झालीय?" वेंडेलने विचारलं.

"छान झालीय," मी म्हटलं.