अर्धं पॅकेज, पूर्ण दाखला

विषय : अधिवास प्रमाणपत्र न छापले जाणे.
संदर्भ : चौसाळ्याच्या कु. शिवांजली कल्याणराव हलगे यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, मी या कार्यालयाचा सर्व्हर बोलतोय. प्रकृती ठणठणीत. तरी खिडकीवर रोज सांगतात, "सर्व्हर डाऊन हाय." मी कधीच पडलो नाही, मला अर्धवट उभं केलंय, एवढंच.

मला बसवलं त्या दिवशी प्रवीण इंजिनिअर माझ्यात पॅकेज भरत होता. पॅकेज म्हणजे माझं कामाचं सगळं सामान. निम्मं भरलं आणि पाहुण्यांची गाडी मांजरसुंब्याहून निघाल्याचा फोन आला. साहेब म्हणाले, "बास कर. हार घाला." नारळ फुटला, फीत कापली, 'काम पूर्ण' असा दाखला साहेबांच्या सहीनं जिल्ह्याला गेला. पाठोपाठ पॅकेजची डिस्कही.

अर्ज घेणं मला येतं, तपासणंही. छापायची वेळ आली की अडतं, कारण तो भागच पोटात नाही. तसं मी पडद्यावर स्वच्छ लिहितो: फाईल सापडली नाही. ते कोणी वाचत नाही. मला बंद करतात, चालू करतात, फुंकर मारतात. खंडेनवमीला हळदीकुंकू वाहिलं. हळद पंख्यात गेली. फाईल आली नाही.

काल कल्याणराव दुकान बंद ठेवून लेकीला घेऊन आले. "साहेब, उद्या संध्याकाळी नर्सिंगचा प्रवेश बंद व्हतोय. प्रमाणपत्र न्हाई तर पोरीची जागा गेली."

प्रवीणला बोलावलं. त्यानं पहिल्यांदाच माझं लिहिलेलं वाचलं. "मशीन चांगलं हाय, साहेब. पॅकेजच अर्धं हाय. जिल्ह्याहून पूर्ण मागवा, तासात छापून देतो."

"अन् कशापायी मागवतो म्हणून लिहू बे? पूर्ण झालं म्हणून मीच सही केली ना!"

शिवांजली म्हणाली, "मग ती सही खोटी व्हती असं लिहा."

"लई शिकलीस, बाई."

"अजून न्हाई, साहेब. तेच तर अडलंय."

साहेबांनी चष्मा पुसला आणि मेल लिहिला: सर्व्हर पूर्ण आहे, तरी पूर्ण पॅकेजची आणखी एक प्रत मिळावी. आज सकाळी उत्तर आलं: पूर्ण सर्व्हरला प्रत देय नाही.

आता साहेब दुसरा मेल उघडून बसले आहेत. 'काम अपूर्ण' एवढं लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. पाठवा, साहेब. ती फाईल पोटात पडली की प्रमाणपत्र हातात देणं माझ्याकडे लागलं. त्यात मला तिळभर शंका नाही.

शिवांजली बाहेर बाकावर बसली आहे. दुपार झाली. मेल गेलेला नाही. अर्ज प्रलंबित.