मिस आयोनीची न धुतलेली बाटली

मित्रांनो, मॅस ओबी आपल्या लेकीचा हात धरून डोंगरावरच्या चर्चपर्यंत चालत गेले. स्वतःच्या पायांनी, एकदाही खाली न बसता. झालं. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण माझी गोष्ट सुरू होते तेव्हा मॅस ओबी सहा आठवडे खाटेवर पडून आहेत, लग्न दहा दिवसांवर आलं आहे, आणि मी अजून स्वतःची ओळखही करून दिलेली नाही.

मी एक जुनी बाटली आहे. जाड हिरव्या काचेची, मोठ्या पोटाची, आखूड मानेची. माझा जन्म कुठे झाला ते माझ्या बुडावर लिहिलेलं आहे. पण स्वतःचं बूड मला दिसत नाही. लोक मला उलटी करतात, वाचतात, "असं होय!" म्हणतात आणि परत ठेवून देतात. मला मात्र कोणी काही सांगत नाही. माझी पहिली नोकरी व्हिनेगरची होती. त्या दिवसांविषयी मी बोलत नाही.

पुढे जमैकातल्या सेंट थॉमसच्या डोंगरात, ब्रेडनट गॅप या गावी, मामा डेल नावाच्या बाईंनी (तिकडे आईला मामा म्हणतात) मला एका बोकडाच्या कातड्याच्या बदल्यात घेतलं आणि माझ्यात टॉनिक वाइन भरली. तेव्हा माझं आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झालं.

मित्रांनो, ज्यांना ही वाइन ठाऊक नाही त्यांनी तिला दारू समजू नये आणि औषधही समजू नये. ती दोघांच्या मधली, दोघांनाही ओळख न दाखवणारी बाई आहे. मनुका, आलं आणि तपकिरी साखर आंबवून आधी वाइन करायची. मग सार्सापरिलाची मुळं, दालचिनीचा पाला, जायफळ आणि पाठीला बळ देणारी एक जंगली साल उकळून तो काळा काढा तिच्यात ओतायचा. वर थोडी रम. मग बाटलीला बूच मारून तिला फणसाच्या चुलत्यासारख्या दिसणाऱ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली नऊ दिवस गळ्यापर्यंत पुरायचं. प्यायची ती बोटभर उंचीच्या पेल्यातून, बर्फ न घालता. तहान लागली म्हणून कधीच नाही. लहान मुलांना फक्त वास.

आणि सगळ्यात मोठा नियम असा, की माझा तळ कधी रिकामा करायचा नाही. जुनी वाइन चार बोटं ठेवायची आणि नवी तिच्यावरच ओतायची. म्हणजे मामा डेलच्या पहिल्या वाइनचा थेंब तिच्या लेकीच्या, मिस आयोनीच्या, शेवटच्या वाइनपर्यंत माझ्या पोटात होता. मला आतून कधीही धुतलेलं नव्हतं. याचा मला जो अभिमान होता, तो तुम्ही तुमच्या डब्याच्या बाबतीत बाळगू नका.

माझं कौतुक तर विचारू नका! रॉयडेल शिंपी म्हणायचा, मिस आयोनीच्या टॉनिकमुळे मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतो. मॅस म्हणजे आमच्याकडचं 'राव'; मॅस ओबी हे मिस आयोनीचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "हिच्या टॉनिकवर मी तीन चक्रीवादळं उभ्यानं काढली." दर नाताळात मिस आयोनी घरोघरी एकेक छोटी बाटली वाटायची, आणि वर्षभर माझी कीर्ती वाढत राहायची.

मग मॅस ओबींना हाडं मोडणारा ताप आला. ताप गेला, पण पहिल्याच दिवशी चर्चच्या रस्त्यावर, आंब्याच्या वळणावर ते चारचौघांत पडले. डॉक्टर म्हणाले, पाय ठीक आहेत. मॅस ओबी म्हणाले, "डॉक्टरचे असतील." आणि ते खाटेवर गेले ते गेलेच.

आमच्या गावात नवरीचा बाप तिला घरापासून चर्चपर्यंत चालवत नेतो. मागून पांढऱ्या कपड्यातल्या बायका डोक्यावर केक घेऊन येतात आणि बाकीचं गाव फाटकात उभं राहून नावं ठेवतं. गाडीतून उतरलेल्या नवरीला आमच्याकडे पाहुणी समजतात. मॅस ओबींची लेक केटुरा म्हणाली, "डॅडी, तू नाही तर मी दुसऱ्या कोणाचा हात धरणार नाही. लग्न पुढे ढकलू."

"आयोनीचं ताजं टॉनिक मिळालं तर उठेन," मॅस ओबी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "नाहीतर तुझ्या मामाला सांग."

"मामाला? तो केक घेणाऱ्या बायकांच्याही पुढे पळेल, जेवायला."

मिस आयोनी त्याच सकाळी मुळं खणायला रानात गेली. आणि त्याच सकाळी बार्बेडोसहून विहीणबाई आल्या. मिसेस पिलग्रिम, निवृत्त मुख्य परिचारिका. अतिशय चांगल्या बाई. पाहुणी म्हणून बसून राहायचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं. मग मला पाहिलं. माझ्या तळाशी काळं, दाट, अनेक वर्षांचं काहीतरी पाहिलं आणि त्या हळहळल्या, "अरेरे, बिचारीकडे कोणाचं लक्षच नाही."

उकळतं पाणी. साबण. पुन्हा पाणी. तीन वेळा. मग त्यांनी मला उलटी करून कुंपणाच्या खांबावर उन्हात टांगलं. मित्रांनो, मी चमकत होते. इतकी लाज मला व्हिनेगरच्या काळातही वाटली नव्हती.

मिस आयोनी मुळांची पोतडी घेऊन आली, खांबाकडे पाहिलं आणि पायरीवर बसली.

"घासून घासून हात दुखले," विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "पण निघाली बाई!"

"निघाली खरी," मिस आयोनी म्हणाली. "तुम्ही दमला असाल. बसा, लिंबू सरबत करते."

पाहुणीवर आवाज चढवायची आमच्याकडे पद्धत नाही. सरबत दिल्यावर मिस आयोनी घरामागे गेली आणि एका कोंबडीला जे काही बोलली, ते मी इथे सांगू शकत नाही. कोंबडीने दोन दिवस अंडं दिलं नाही.

बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. सगळ्यात आधी रॉयडेल आला, हातात नाकात घालायच्या थेंबांची बाटली.

"मिस आयोनी, थोडंसं आहे. तळाला चालेल का बघ."

"हे काय आहे?"

"तुझं टॉनिक. गेल्या नाताळचं. त्याआधीचंही आहे घरी."

"तू प्यायला नाहीस?"

"छे! अडीअडचणीला ठेवलं होतं."

"मग सुईत दोरा कसा ओवतोस?"

रॉयडेलने जमिनीकडे पाहिलं. "बायको ओवते."

त्याच्यामागून अख्खं गाव आलं. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, अत्तराच्या बाटल्या, एक मिठाची बरणी. कपाटामागून, बायबलमागून, पेटीच्या तळातून निघालेलं टॉनिक. दारूविरुद्ध दर रविवारी बोलणारे पाद्री तब्बल दोन बाटल्या घेऊन आले. त्यांनी त्या पुरावा म्हणून जपल्या होत्या. पस्तीस वर्षं गाव माझे गोडवे गात होतं, आणि कोणी एक थेंब प्यालेलं नव्हतं.

मिस आयोनीचा आवाज चिरका झाला. "मग मी उकळत कुणासाठी होते रे, मेल्यांनो?"

"आमच्यासाठीच," रॉयडेल म्हणाला. "घरात आहे म्हटलं की धीर असतो. संपवलं तर काय राहिलं?"

तेवढ्यात आतून मॅस ओबींनी हाक मारली. त्यांच्या उशीखाली तीन बाटल्या होत्या. त्यांचीही बुचं न उघडलेली.

मिस आयोनी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सहा आठवडे इथं लोळतोयस, आणि हे डोक्याखाली?"

"याहून वाईट वेळ आली असती तर?" मॅस ओबी म्हणाले.

"ओब, तुझ्या लेकीचं लग्न मोडायला आलंय!"

"म्हणून तर देतोय ना."

तळ चार बोटांऐवजी सहा बोटं झाला. वर आधीच आंबवून ठेवलेली नवी वाइन आणि ताजा काढा पडला, आणि मी नऊ दिवस मातीत गेले. खाली अंधारात मामा डेलचा पहिला थेंब मला पुन्हा सापडला. तो अत्तराच्या बाटलीत राहून आला होता, त्यामुळे जरा नखरे करत होता.

लग्नाच्या सकाळी मला उकरलं. मिस आयोनीने पेला भरला. मॅस ओबींनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले आणि खाटेवरून पाय खाली सोडले.

"पी," मिस आयोनी म्हणाली.

"आधी चालून बघतो. नाहीच जमलं तर आहेच."

त्यांनी पेला विहीणबाईंच्या हातात दिला, उजव्या हाताने केटुराला धरलं आणि डाव्या काखेत मला घेतलं. मी किती जड आहे ते मलाच ठाऊक. आम्ही निघालो. आंब्याच्या वळणावर, पडले होते त्याच जागी, ते थांबले. फाटकातलं गाव नावं ठेवायचं विसरलं. केटुरा हळूच म्हणाली, "डॅडी, घे ना घोटभर."

त्यांनी बूच काढलं. वास घेतला. बूच लावलं.

"वरच्या वळणासाठी ठेवू."

वरच्या वळणावर ते म्हणाले, चर्चच्या पायऱ्यांसाठी ठेवू. पायऱ्यांवर ते रडत होते आणि एकेक पायरी मोजत होते. मी पहिल्या बाकावर बसले. पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणजे अगदी नेमकं पाहिलं नाही.

तो पेला मात्र विहीणबाई प्याल्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे प्यायचं नसतं. त्या म्हणाल्या, आधी कडू, मग मनुकांसारखं गोड, मग कानापर्यंत ऊब. रात्री त्या पाद्रींना घेऊन नाचल्या. एवढ्या वर्षांत माझी चव सांगणारी ती पहिली बाई. मी त्यांना सगळं माफ केलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कृतज्ञता म्हणून, त्या साबण घेऊन मला शोधू लागल्या.

म्हणून मित्रांनो, ज्याची काळजी घ्यायची ते आधी कसं जगतं हे विचारा, आणि मगच हात लावा. बाकी मी रीतसर अर्ज केला आहे:

प्रति, मा. अध्यक्ष, परगणा परिषद. विषय: अर्जदार बाटलीस आतून न धुण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदाराच्या पोटातील चार बोटे तळ हा संरक्षित रहिवासी म्हणून घोषित करावा, त्यापासून शंभर पावलांच्या आत साबण बाळगण्यास सर्व पाहुण्यांना मनाई करावी, आणि अर्जदाराच्या बुडावर काय लिहिले आहे ते लेखी कळवावे. सोबत जोडले आहे: बूच, एक. काम झाल्यावर परत मिळावे, वाइन उघडी आहे.