कोणासारखी

उर्वीने लॅपटॉप असा वळवला की तिच्या पाठीमागे फक्त भिंत दिसावी. पडद्यावरच्या आपल्याच चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिले आणि कॅमेरा बंद केला. मग चार्जर लावायला ती टेबलाखाली वाकली. वाकताना पोटावरचे टाके ओढले गेले, तशी ती क्षणभर तिथेच थांबली. समोर बसलेला सलिल अर्धवट उठला होता. ती सरळ झालेली पाहून पुन्हा बसला.

"मी लावला असता," तो म्हणाला.

"लागला."

खडकपाड्याच्या चौकाजवळचा हा कॅफे सकाळीच निम्मा भरला होता. प्रत्येक टेबलाशी प्लग, बिलावर वायफायचा पासवर्ड, आणि एका कॉफीवर कितीही वेळ बसले तरी कोणी हटकत नाही अशी ख्याती. त्यामुळे इथे येणारे बहुतेक जण गप्पा मारायला नव्हे, कामालाच बसत. कोपऱ्यातला एक जण कुठल्याशा कंपनीला मुलाखत देत होता. वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली अर्धी पँट. एरवी उर्वीने ते सलिलला डोळ्यांनीच दाखवले असते.

टिटवाळ्याच्या त्यांच्या नव्या इमारतीत अजून इंटरनेटची धड सोय झाली नव्हती, म्हणून कल्याणला जाऊन काम करते, असे तिने सासूबाईंना सांगितले होते. ते खोटे नव्हते. पण घरी दर दुपारी कोणी ना कोणी भेटायला येई. शेजारी बसून उकाड्याबद्दल, टँकरच्या पाण्याबद्दल बोले, आणि उठताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून जाई. एप्रिलमध्ये उर्वीचे सिझेरियन झाले होते. मुलगी पोटातच गेलेली होती. याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नसे. सासूबाईंनी, सरोजबाईंनी, एकदाच विषय काढला होता, तोही तिच्या केसांना तेल लावताना, तिला चेहरा दिसणार नाही अशा बेताने. "नाव वगैरे काही मनात धरू नकोस हो. नाव ठेवलं की जीव अडकतो." त्यांचा हात मायेचा होता. उर्वीने मान हलवली होती.

रजेनंतर आज कामाचा पहिला दिवस होता. टीममधली सगळी आपापल्या गावाहून काम करणारी माणसे: टीमची प्रमुख प्रीती ठाण्यात, ऋतुराज नाशिकला, ऐश्वर्या बंगळुरात, आणखी दोघे-तिघे. सलिलने त्या दिवशी हॉस्पिटलमधूनच प्रीतीला कळवले होते. त्यानंतर यांच्यापैकी एकाचाही फोन आला नव्हता. उर्वीने तो त्यांचा समजूतदारपणा मानला होता आणि मनोमन त्यांचे आभारही मानले होते. कोणी सांत्वन करू लागलेच, तर म्हणायचे एक वाक्य तिने रिक्षात जुळवून ठेवले होते. ते म्हणायचे आणि लगेच कामाकडे वळायचे.

"निघू मी?" सलिलने विचारले.

"चहा तरी संपव."

तिने हेडफोन लावले, ओढणी छातीवर नीट घेतली आणि मीटिंगमध्ये शिरून कॅमेरा सुरू केला.

पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीत फुगे होते. ऐश्वर्याच्या मागे झिरमिळ्यांची माळ होती. ऋतुराजने डोक्यावरून साडीचा पदर घेतला होता आणि कपाळाला मोठे कुंकू लावले होते. एकाच वेळी सगळे बोलू लागले, त्यामुळे पहिले काही क्षण तिला कोणाचेच काही समजले नाही.

मग एकदम समजले.

सगळे घरून काम करू लागल्यापासून या टीमचा तो रिवाजच झाला होता. कोणाकडे मूल झाले, की ती आई किंवा तो बाप कामावर परतेल त्या दिवशी पडद्यावर बारसे करायचे. आत्या दर वेळी ऋतुराज. नाव ठेवून झाले की पाठीत धपाटे खायला आत्या लागते, आणि त्याची बायको ते काम आनंदाने करते, असे तो सांगे. ऐश्वर्याच्या मुलाच्या बारशाला उर्वीच इतकी हसली होती की तिला माइक बंद करावा लागला होता.

प्रीतीने सगळ्यांना गप्प केले. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीला कोणी फोन करायचा नाही, असे तिनेच सर्वांना बजावले होते. तिच्या आईने तिला तसे शिकवले होते. मग तिने उर्वीला लटके रागावून घेतले. सहा महिने हक्काचे असताना ही बया अर्धा वेळ का होईना कामावर येते म्हणजे काय? एचआरलाही विचारून पाहिले, पण ते ताकास तूर लावू देत नाहीत. आणि नवरा तर त्याहून वरचढ, ती म्हणाली. ‘उर्वीची डिलिव्हरी झाली. उर्वी सुखरूप आहे,’ एवढा कोरडा मेसेज. मुलगा की मुलगी तेही नाही. तिने परत विचारले, तर उत्तर नाही.

उर्वीने लॅपटॉपवरून समोर पाहिले. सलिल चहावर फुंकर घालत होता.

तीच दोन वाक्ये त्याने सगळ्यांना पाठवली होती. रत्नागिरीकडच्या त्याच्या नातेवाइकांपैकी एकानेही उलट काही विचारले नव्हते. त्या माणसांत बाळ-बाळंतीण दोघांचीही खुशाली एकदमच कळवतात. जिथे एकाचीच कळवली, तिथे दुसऱ्याचे विचारायचे नसते. चुलते अण्णा तर उत्तर न देता थेट हॉस्पिटलच्या दारात येऊन उभे राहिले होते. सलिलला वाटले असणार, हे सगळ्यांनाच कळते.

"उर्वी, अगं बोल ना," ऐश्वर्या म्हणाली. "मुलगा की मुलगी?"

आता सांगायचे. एवढेच वाक्य, की ती नाही. उर्वीने श्वास घेतला. समोरचे सगळे चेहरे पुढे झुकले होते, पदर सावरत असलेला ऋतुराजसुद्धा. तिच्या मुलीच्या येण्याने इतकी माणसे आनंदलेली तिने आजवर पाहिली नव्हती. हॉस्पिटलमध्ये नाही, घरात नाही. आणि वाक्य तोंडातून बाहेर पडले की ही माणसेही तशीच होणार होती, डोक्यावरून हात फिरवून जाणारी.

"मुलगी," ती म्हणाली.

गलका झाला. ऋतुराजने पडद्याजवळ तोंड आणले.

"चला, आत्याबाई पाळण्याशी उभ्या आहेत. नाव सांगा पटकन. आमची ही हात शिवशिवत मागे थांबलीय."

सातव्या महिन्यात तपासणीला जाताना टिटवाळ्याच्या रस्त्याकडेला काटेसावर फुललेली तिने पाहिली होती. अंगावर एक पान नाही, आणि झाड लालभडक. तेव्हापासून त्या झाडाचेच एक नाव तिच्या मनात होते. तिने ते सलिललाही सांगितले नव्हते. जन्माआधी नाव काढू नये म्हणतात.

"शाल्मली," ती म्हणाली.

"कुर्रर्र," ऋतुराज माइकशी कुजबुजला, अगदी हळू, मूल खरोखरच झोपलेले असावे तसा. "शाल्मली."

मग सगळ्यांनी ते नाव घेतले. कोणी आधी, कोणी मागाहून. बंगळूर, नाशिक, ठाणे, असे ते नाव तिच्या दोन्ही कानांत फिरत राहिले. ऋतुराजच्या पाठीत धपाटे पडले. उर्वीला छाती भरून आल्याचे जाणवले. गोळ्या घेऊनही दूध पुरते आटले नव्हते. तिने ओढणीवर हात दाबून धरला. हेडफोनमधले कॅफेत कोणालाही ऐकू जात नव्हते, आणि ती स्वतः माइकशी ओठांतल्या ओठांत बोलत होती. सलिलने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला हसताना पाहून तोही, काही न कळून, किंचित हसला.

"झोपलीय ना? राहू दे, उठवू नकोस," ऐश्वर्या म्हणाली. "पण कोणासारखी दिसते, ते तरी सांग."

उर्वीला ते माहीत नव्हते. ती पुरती शुद्धीवर आली तेव्हा सलिल आणि अण्णा सगळे उरकून परतलेही होते. सलिलच्या चपलांना ओली माती होती. तिने काही विचारले नाही, त्याने काही सांगितले नाही, आणि नंतर तर विचारण्याची वेळच निघून गेली.

"बाबासारखी," ती म्हणाली.

"म्हणजे नाक सलिलचं? बिचारी," ऋतुराज म्हणाला, आणि सगळे हसले.

मग प्रीतीने काम काढले. नवा ग्राहक, जुन्या तक्रारी, कोणाकडे काय राहिले आहे. उर्वीने सगळे लिहून घेतले. तिला नेमून दिलेल्या गोष्टी तिने दोनदा नीट विचारून घेतल्या. मीटिंग संपताना बाकीचे गेले आणि प्रीती एकटी मागे राहिली. एक गंमत सांगायची होती, ती म्हणाली. सगळ्यांनी मिळून एक लाकडी पाळणा पाठवला होता, शिसवीचा, घडीचा. आज दुपारपर्यंत टिटवाळ्याला पोचेल. घ्यायला सासूबाई असतील ना घरी?

"असतील," उर्वी म्हणाली, आणि चौकट बंद झाली.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. सरोजबाई दुपारी दार लोटून पंख्याखाली आडव्या होतात. बेल वाजली की कंबरेवर हात ठेवून उठतात.

"काय झालं?" सलिलने विचारले.

तिने फोन उचलून प्रीतीला लावला.

"प्रीती, तो पाळणा थांबव."

पलीकडून प्रीती काहीतरी म्हणाली, रंगाबद्दल असावे, बदलून मिळण्याबद्दल. सलिलने कप खाली ठेवला होता.

"तसं नाही. ती नाहीये, प्रीती. पोटातच गेली होती. सलिलनं तुला लिहिलं होतं, त्याचा अर्थ तेवढाच होता."

यानंतर बराच वेळ फक्त प्रीती बोलत होती. उर्वी ऐकत राहिली. मधे एकदा ती "नाही गं, तुझं काही चुकलं नाही" असे म्हणाली, आणि एकदा नुसतेच "हो". प्रीती पाळणा आत्ताच्या आत्ता थांबवणार होती. उर्वीने कोणाशी काही बोलायची गरज नव्हती. ती स्वतः सगळ्यांना कळवणार होती, म्हणजे पुन्हा कोणी काही विचारणार नाही.

"कळव," उर्वी म्हणाली. "पण एक कर. ‘बाळ’ असं लिहू नकोस. नावानं लिही."

 प्रीतीने पलीकडून काही विचारले.

"हो, खरंच आहे नाव," उर्वी म्हणाली. "तुम्हीच ठेवलंत आत्ता."

तिने फोन ठेवला. कोपऱ्यातली मुलाखत संपली होती आणि तो मुलगा आपल्याच पडद्याला नमस्कार करत होता. सलिलने समोरच्या कागदी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला तिसरं वाक्य लिहायचं होतं," तो म्हणाला. "जिन्यात उभा राहून लिहायला घेतलंही. बोटं पुढं जाईनात. मग म्हटलं, समजेल त्यांना."

"घरच्यांना समजलं."

"प्रीतीनं नंतर काही पाठवलेलं. मी उघडूनच बघितलं नाही."

टीमच्या गटावर प्रीतीचा मजकूर आला. उर्वीने तो वाचला आणि लॅपटॉप सलिलकडे फिरवला. मजकूर लहानच होता. शाल्मली एप्रिलमध्येच गेली, हे मला आज कळले. उर्वीशी याबद्दल बोलायचे असेल, तर नाव घेऊन बोला. खाली अजून कोणी काही लिहिले नव्हते.

सलिलने ते वाचले. त्याचे ओठ किंचित हलले. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"आईला..." तो म्हणाला आणि थांबला.

"आईंना मी सांगेन. रागावल्या तर रागावू दे."

काउंटरवरच्या मुलीने येऊन कप उचलले, अजून काही हवे का विचारले. सलिलने पाणी मागितले. 

"ते विचारत होते, कोणासारखी दिसते," उर्वी म्हणाली. ती त्याच्याकडे नाही, टेबलाच्या कडेकडे बघत होती. "मी म्हटलं, बाबासारखी."

सलिलने रुमाल सोडला. पाणी आले, ते त्याने प्यायले नाही. 

"नाही," तो म्हणाला. "तुझ्यासारखी होती."

उर्वीने वर पाहिले.

"कपाळ तुझं. आणि इथं," त्याने बोट स्वतःच्या हनुवटीला लावले, मग टेबलावरून हात लांब करून तिच्या हनुवटीला, जिथे तिला बारीकशी खळी होती. "इथं असंच."

तिने त्याचे बोट तिथून हलू दिले नाही. दुसऱ्या हाताने तिने लॅपटॉपचे झाकण मिटवले.

"अजून सांग," ती म्हणाली.

"केस फार होते," सलिल म्हणाला. "ओले होते. अण्णांनी पुसले, त्यांच्या उपरण्यानं."